खालच्या टोकाला भरती आणि मध्ये खाजनाचे बांध

'संगणकाच्या मॉडेलमध्ये 30 मीटर जाळीची (म्हणजे 30-30 मीटरच्या चौकोनांत उपग्रहाने मोजलेली) जमिनीची उंची आणि गांजे इथे मोजलेला नदीचा प्रवाह घातला की गोव्यातल्या मांडवीचा पूर बरोबर येतो' असं एक म्हणणं आहे. ते नदीच्या वरच्या भागातल्या सत्तरीपुरतं मला पटतं. खाली दिवाडी-चोडण या नदीतल्या बेटांकडे ते टिकत नाही. मी हाच प्रयोग केला होता. मॉडेल पहिल्यांदा चालवलं तेव्हाच दिवाडीची सगळी खाजनं (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन) दर भरतीला पाण्याखाली! समीकरणं चोख होती, पण खाजनाचा बांध जेमतेम दोन-तीन मीटर रुंद. 30 मीटरच्या चौकोनात तो सरासरीत विरघळतो, मॉडेलला दिसतच नाही. त्यात तो उपग्रह खारफुटीचे शेंडे जमीन म्हणून मोजतो ते वेगळंच. शेवटी बांधांच्या रेषा हाताने आखल्या आणि बांधावर फिरून माथ्याची उंची मोजली. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दारही मॉडेलमध्ये घालावं लागलं. भरतीला ते नदीच्या दाबाने आपोआप मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतं, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने.

जाळी सरसकट 10 मीटर करा असं कुणी सुचवेल, पण मग चौकोन नऊपट होतात आणि काळाची पायरीही (मॉडेल एका वेळी जेवढा काळ पुढे सरकतं तो) एक तृतीयांश करावी लागते, म्हणजे काम 27 पट. 10 मीटर खोलीत लाट सेकंदाला जवळपास 10 मीटर धावते आणि एका पायरीत तिने एकापेक्षा जास्त चौकोन ओलांडता कामा नये, त्यामुळे पायरी सेकंदाच्या आसपासच ठेवावी लागते. त्यापेक्षा समुद्राच्या टोकाला ठरावीक पातळी न देता पणजीची भरती-ओहोटी द्या. अमावास्येच्या भरतीत आलेला पूर आणि ओहोटीत आलेला तेवढाच पूर यांचे नकाशे शेजारी ठेवून बघा.