घरून निघण्याआधी पोराची उंची मोजा

ताई, साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन जळगावहून खोपोलीकडच्या थीम पार्कला एका दिवसासाठी जावं का, असं विचारलंय. आम्ही दिवाळीनंतर जाऊन आलो, म्हणून सांगतो.

आधी घरीच पोराची उंची भिंतीवर मोजा. मोठ्या राइड्सना बहुधा १२० ते १४० सेंटीमीटर लागते, आमचं ध्यान ९८! पट्टीपाशी टाचा उंच करून उभा राहिला, तरी परत पाठवलं. मग भोकाड. शेवटी घोड्यांच्या पाळण्यात सात वेळा बसला आणि खूश. (घोडे तर आपल्या जत्रेतही असतात, पण ते त्याला कोण सांगणार!)

गाडीने एका दमात जाऊ नका. रात्रीच्या रेल्वेने कल्याण, तिथून कर्जतमार्गे खोपोलीची लोकल, आणि आदल्या दिवशी मुक्काम. दशम्या नि शेंगदाण्याची चटणी आत नेऊ देत नाहीत, दारातच उरकून घ्या. दुपारी पोरगं झोपतंच, तेव्हा आजी सोबत हवी. आमच्या आईने मात्र चार वाजताच जाहीर केलं, "माले घर जानं शे."

पोरगा पाच-सहाचा होईपर्यंत थांबलात तर उत्तम. तोवर आपला जळगावचा मेहरूण तलाव आहेच.