लेकीच्या डोळ्याच्या नसेवर गाठ, आणि डॉक्टर म्हणतात थांबू या

प्रश्न: लेक चार वर्षांची. अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग होते, एनएफ-१ (नसांवर गाठी होऊ शकणारा जनुकीय आजार) निघालं. एमआरआयमध्ये डाव्या ऑप्टिक नर्व्हवर (डोळ्याच्या नसेवर) ग्लायोमा नावाची गाठ. नजर चांगली आहे. गाठ दिसत असताना उपचार का नाहीत? झोप उडालीय माझी.

उत्तर: ताई, एनएफ-१मधल्या या गाठी बहुधा सावकाश वाढतात, काही आपोआप थांबतात. नजर घटू लागली तर केमो. माझ्या मुलाला कार्बोप्लॅटिन आणि व्हिन्क्रिस्टिन दिलं. नजरेची तपासणी मात्र अजिबात चुकवू नका. गाठ तेवढीच राहूनही नजर उतरू शकते!

उत्तर: रेडिएशन एवढ्या लहानपणी शक्यतो टाळतात. त्याने एनएफ-१मध्ये पुढे दुसरी गाठ होण्याचा, मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा धोका जास्त. उंचीही मोजत राहा, अशा गाठींचा कधी कधी वाढीच्या हार्मोन्सवर परिणाम होतो.

प्रश्नकर्ती: उंचीचं कुणी सांगितलंच नव्हतं. विचारते.