मदत हवी आहे: जुने संगणक-खेळ रीतसर विकत घ्यायचे आहेत, पण जे विक्रीलाच नाहीत त्यांचे काय करावे?

आडवाटेचा:

नमस्कार.

शाळा-कॉलेजच्या दिवसांत खेळलेले पाच खेळ मला माझ्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर हवे आहेत: प्रिन्स ऑफ पर्शिया, क्लॉ, रोड रॅश, प्रोजेक्ट आयजीआय आणि पहिला कमांडोज. त्या काळी हे खेळ आपल्यापैकी बहुतेकांच्या संगणकावर कसे आले, हे येथे उगाळण्याची गरज नाही. संगणक जोडून देणारा माणूसच ते परस्पर टाकून देत असे आणि ही त्याची मेहेरबानी समजली जाई. आता मात्र पैसे मोजून, योग्य त्या माणसाच्या हाती ते पैसे पडतील अशा रीतीने हे खेळ घ्यावेत, अशी इच्छा आहे.

आयजीआय आणि कमांडोज यांचा प्रश्न चटकन सुटला, कारण दोन्ही जीओजी या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळाच्या दुकानात आहेत. घोडे अडले आहे ते उरलेल्या तीन खेळांपाशी. ते कोणत्याही मान्यवर दुकानात दिसत नाहीत. दिसतात ते दोनच ठिकाणी. एक म्हणजे 'अबँडनवेअर' अशी पाटी लावलेली संकेतस्थळे, जेथे सर्व काही फुकट आहे आणि 'मूळ मालकाने हा खेळ सोडून दिला असल्याने उतरवून घेण्यास हरकत नाही' असा मजकूर ठळक अक्षरांत लिहिलेला असतो. दुसरे ठिकाण मला अधिक गोंधळात टाकणारे वाटले. खरेदी-विक्रीच्या एका संकेतस्थळावर एक विक्रेता रोड रॅश १४९ रुपयांना विकत आहे. जाहिरातीत खोक्याचे जुने चित्र आहे, 'ओरिजिनल फुल व्हर्जन, विंडोज १०/११ वर शंभर टक्के चालेल' असा दावा आहे, आणि सर्वांत खाली बारीक अक्षरांत 'पैसे मिळताच ड्राइव्हची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवू' असे लिहिले आहे. पैसे दिल्याची पावती मिळेल हे खरे. पण त्या पावतीने माझ्या हाती नक्की काय येते?

म्हणून जाणकारांना तीन प्रश्न विचारतो. मालक कंपनी खेळ विकत नसेल, तर त्यावरचा तिचा हक्क संपतो का? विक्रेत्याला विकण्याचा अधिकार आहे की नाही, हे सामान्य गिऱ्हाइकाने कसे ओळखावे? आणि क्लॉची मूळ सीडी माझ्याजवळ आहे, आतेभावाने १९९८ च्या सुमारास परदेशातून आणलेली; लॅपटॉपला मात्र सीडी ड्राइव्हच नाही. तिचा काही उपयोग होऊ शकेल का?

'फुकट मिळते तर विकत कशाला' असे प्रतिसाद कृपया देऊ नयेत. तो मार्ग मला ठाऊक आहे.

फ्लॉपी१४४:

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. अबँडनवेअर हा कायद्यातला प्रकारच नव्हे; तो शौकिनांनी आपल्या सोयीसाठी रूढ केलेला शब्द आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृतीतच मोडते आणि साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे राहतो. प्रिन्स ऑफ पर्शिया १९८९ चा आहे आणि त्याचे कर्ते जॉर्डन मेकनर हयात आहेत, एवढ्यावरून आपल्याला हिशेब करता येईल. मेकनर यांनी ॲपल टू यंत्रासाठी लिहिलेली मूळ संहिता (सोर्स कोड) २०१२ मध्ये गिटहब या संहिता ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवली, ही अभ्यासकांसाठी मोठीच देणगी आहे (त्यांच्या वडिलांना घरात त्या जुन्या डिस्क सापडल्या, म्हणून ती हाती लागली). पण संहिता वाचायला ठेवली म्हणजे खेळ मोफत झाला, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

'सोडून दिला' हे शब्दही रोड रॅशला लागू पडत नाहीत. त्याची मालक इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी चांगली धडधाकट आहे. मात्र त्या खेळात साउंडगार्डनसारख्या बँडची गाणी आहेत आणि तो पुन्हा विकायचा तर त्या गाण्यांचे परवाने नव्याने मिळवावे लागतील. खेळ दुकानात नसण्याचे हेच एकमेव कारण आहे असे मी म्हणत नाही, पण १९९६ च्या खेळासाठी एवढी उठाठेव करण्यात कंपनीला रस नसावा, हे समजण्यासारखे आहे.

कंपनी बुडाली तरी हक्क बुडत नाही, याचे उत्तम उदाहरण सिस्टिम शॉक २ या खेळाचे आहे. तो बनवणारी लुकिंग ग्लास ही कंपनी २००० मध्ये बंद पडली आणि खेळाचे हक्क एका विमा कंपनीकडे गेले. जुने खेळ पुन्हा बाजारात आणणाऱ्या नाइटडाइव्ह कंपनीच्या स्टीफन किक यांनी त्या विमा कंपनीला गाठून परवानगी मिळवली आणि २०१३ मध्ये खेळ जीओजीवर विक्रीला आला. त्याच नाइटडाइव्हला नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर या खेळाच्या बाबतीत हात टेकावे लागले, कारण हक्क कुणाचा, हे संबंधित बड्या कंपन्यांपैकी कुणालाच ठामपणे सांगता येईना आणि जुने कागद उपसण्याची कुणाची तयारीही नव्हती. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात, तेथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असे दिसून आले. म्हणजे आपले पाचपैकी दोन मिळाले, हे सरासरीपेक्षा बरेच म्हणायचे.

आता ते १४९ रुपये. ते देऊ नयेत. लिंक पाठवणाऱ्याला विकण्याचा अधिकार नाही, त्यामुळे आपल्या हाती येईल ती अनधिकृत प्रतच. फुकट संकेतस्थळ आणि हा विक्रेता यांत फरक असलाच, तर तो इतकाच की दुसरा त्यावर धंदा करतो. वर म्हटलेल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणे हाही गुन्हा आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता ५०,००० रुपयांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते. घरात बसून प्रिन्स खेळणाऱ्याच्या दारी पोलीस येतील असे मला वाटत नाही, पण आपण विचारले आहे ते रीतसर काय, म्हणून सांगितले.

विक्रेता ओळखण्याची माझी साधी रीत अशी, की दुकानाच्या पानावर प्रकाशकाचे नाव पाहावे आणि त्या प्रकाशकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्या दुकानाचा दुवा आहे का, हे तपासावे. कमांडोजच्या पानावर कॅलिप्सो या प्रकाशकाचे नाव दिसेल. २०१८ मध्ये त्यांनी ते हक्क घेतले आहेत.

अनुस्वार:

वरील प्रतिसादात एक भर घालते. काही जुने खेळ मालकांनी स्वतःहून मोफत केले आहेत आणि ते अबँडनवेअरपासून वेगळे धरले पाहिजेत: बीनीथ अ स्टील स्काय २००३ पासून, एल्डर स्क्रोल्सचा पहिला भाग अरीना २००४ पासून, दुसरा डॅगरफॉल २००९ पासून.

आपल्या क्लॉच्या सीडीचा मात्र नक्कीच उपयोग आहे. त्याच कायद्याच्या कलम ५२(१)(कक) प्रमाणे, आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे, त्याला त्या प्रतीवरून राखीव प्रत काढता येते. यूएसबीने जोडायचा साधा डीव्हीडी ड्राइव्ह आणावा, सीडीची आयएसओ प्रतिमा (म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलमधली नक्कल) करून ठेवावी आणि तीत 'क्लॉ.रेझ' ही मोठी फाइल शोधावी. चित्रे, आवाज आणि पातळ्या सर्व तिच्यातच आहेत. ओपनक्लॉ हा मुक्त प्रकल्प खेळाचे इंजिन, म्हणजे खेळ चालवणारी आज्ञावली, नव्याने लिहून देतो, पण ही फाइल देत नाही. ती आपली आपण आणायची असते. मूळ इन्स्टॉलर चालला नाही तर सीडी खराब झाली असे समजू नये. त्या काळातले कित्येक इन्स्टॉलर १६-बिट, म्हणजे जुन्या धाटणीच्या विंडोजसाठी लिहिलेले, होते आणि ६४-बिट विंडोज त्यांना हातही लावत नाही. पुढच्या काळातल्या सीड्यांची अडचण वेगळी आहे: अनेकींवर नक्कल रोखणारे सेफडिस्क हे संरक्षण असे आणि विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार काढून घेतला, त्यामुळे अस्सल सीडीही 'डिस्क टाका' म्हणत अडून बसते.

जीओजीवर खरेदी केल्यावर ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून बाहेरच्या डिस्कवर जपून ठेवावा, आणि कार्ड नाकारले गेल्यास बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का ते पाहावे. २०२० पासून नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात.

आडवाटेचा:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कार्ड खरोखरच त्याच कारणाने नाकारले जात होते. आता कमांडोज आणि आयजीआय घेऊन झाले आहेत. १४९ रुपयांचा नाद सोडला. प्रिन्स आणि रोड रॅश तूर्त यादीतच राहतील.

अनुस्वारताई, क्लॉच्या सीडीवर बाहेरच्या कडेला नखाएवढा ओरखडा आहे. प्रतिमा काढताना वाचनात चूक आली, तर तेवढा भाग वगळून पुढे जाणारी एखादी प्रणाली आपण सुचवू शकाल का, आणि तशा अपुऱ्या प्रतिमेतून ती रेझ फाइल सलग निघण्याची शक्यता कितपत आहे?