‘अन्नधान्य’ आणि ‘स्वयंपूर्ण’: नेमका अर्थ काय?

शंकेखोर: २०२४-२५ मध्ये देशात ३५.७७ कोटी टन अन्नधान्य पिकलं, विक्रमच. आमच्या अंकासाठी ‘भारत अन्नात स्वयंपूर्ण’ असा मथळा सुचवलाय. चालेल? अन्नधान्यात काय काय धरतात?

वजनकाटा: सरकारी तक्त्यातलं अन्नधान्य म्हणजे तृणधान्यं आणि कडधान्यं, बस्स. तेलबिया, ऊस, बटाटा, दूध त्यात नाही. गंमत म्हणजे भुईमूग, तीळ, करडई यांना आपण ‘गळिताची धान्यं’ म्हणतो. मराठीच्या लेखी ती धान्यंच, तक्त्याच्या लेखी नव्हेत. आणि खरी गोची तिथेच आहे. वर्षाला सुमारे १.६ कोटी टन खाद्यतेल बाहेरून येतं, गरजेच्या निम्म्याहून जास्त. पाम इंडोनेशिया-मलेशियाचं, सोयाबीन मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलचं, सूर्यफूल रशिया-युक्रेनचं. विक्रमी आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

पांढरीची माती: उलटंही बघा. मका अन्नधान्यात मोजतात आणि तो ४ कोटी टनांच्या वर गेलाय. त्यातला मोठा वाटा कोंबडीखाद्याला, आता इथेनॉललाही. गाडीच्या टाकीत जाणारं अन्न!

शंकेखोर: डाळी तरी पुरतात ना?

वजनकाटा: नाही. अडीच कोटी टनांच्या आसपास पिकल्या, तरी त्याच वर्षी सुमारे ७३ लाख टन आणाव्या लागल्या. तूर म्यानमार आणि पूर्व आफ्रिकेतून, मसूर कॅनडा-ऑस्ट्रेलियातून. पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ पासून शुल्क माफ करून आणला, त्यावर हरभरेवाल्यांची ओरड झाली ती वेगळीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये कडधान्यांचं अभियान सुरू झालंय, २०३०-३१ पर्यंत ३.५ कोटी टनांचं लक्ष्य. तिथे सरकारचा शब्द ‘आत्मनिर्भरता’. मला त्यात घोषणा जास्त ऐकू येते. ‘स्वयंपूर्ण’ म्हटलं की निदान विचारता तरी येतं, कशात?

आजोळ: शब्दांचंच चाललंय, तर ‘अन्नसुरक्षा’ऐवजी ‘बेगमी’ का नको? बेगमी विकत घेऊनही होते. १९६६ मध्ये सुमारे १ कोटी टन धान्य आयात झालं, बरंचसं अमेरिकेचं. ७२ च्या दुष्काळातली लाल मिलो, म्हणजे बाहेरून आलेली ज्वारी, आठवली की आमच्याकडची म्हातारी माणसं अजून तोंड वाकडं करतात. पण पोटं भरली. स्वयंपूर्ण मात्र नव्हतो.

वजनकाटा: राखीव साठ्याला बेगमी झकास. पण अन्नसुरक्षेत विकत घ्यायची ऐपतही येते. गोदाम भरलेलं आणि खिसा रिकामा असला, तर बेगमी आहे, सुरक्षा नाही.

शंकेखोर: म्हणजे ‘तांदूळ-गव्हात स्वयंपूर्ण, डाळीत तूट, तेलात परावलंबी’?

वजनकाटा: हो, हे बरोबर.

शंकेखोर: संपादक म्हणतील, एका ओळीत बसत नाही.

पांढरीची माती: मग अक्षरं बारीक करा.