मुलीला टीबी नाही, तरी गोळ्या द्यायच्या का? लवकर सांगा

सिन्नरची_सून:
सासऱ्यांना टीबी निघाला, पंधरा दिवसांपासून औषध चालू आहे. काल आशाताई येऊन म्हणाल्या, घरातल्या सगळ्यांनी गोळ्या घ्यायच्या, मुलीलासुद्धा द्यायच्या. ती छान खेळतेय, जेवतेय. आजार नसताना औषध कशाला? उद्या ताई परत येणार आहेत. गूगलवर बघून झालंय, ते सांगू नका.

रानवारा:
मुलगी केवढी? टीबी फुफ्फुसाचा की दुसरीकडचा? थुंकीत जंतू निघाले होते का? साधा आहे की औषधांना दाद न देणारा?

आबा_५८:
बीसीजीची लस झालीय ना? मग निर्धास्त राहा. अंडी, शेंगदाण्याचे लाडू द्या. झारखंडात रुग्णांच्या घरच्यांना धान्य-डाळ दिली, तर त्यांच्यातला नवा टीबी सुमारे ४० टक्क्यांनी घटला. २०२३ साली छापून आलंय.

रानवारा:
आबा, खाणं हवंच, पण ते गोळीची जागा घेत नाही. बीसीजीने लहान मुलांचा मेंदूचा टीबी बराच टळतो, फुफ्फुसाच्या टीबीची हमी नाही. कृपा करून कोणाच्या लेकराला निर्धास्त करू नका.

विजय_लातूर:
निक्षय पोषणचे, म्हणजे टीबी रुग्णाच्या खाण्यासाठी सरकार देतं ते पैसे चालू झाले का? नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० चे १००० झालेत. खातं आधारला जोडून घ्या, माझ्या भावाचे त्यापायीच चार महिने अडकले.

खान्देशी:
पैसे राहू द्या, २०२४ मध्ये गोळ्यांचाच तुटवडा होता. २०२५ पर्यंत देश टीबीमुक्त करायचा होता ना? औषधात खंड पडला की जंतू औषधाला दाद देत नाहीत, मग कसा संपणार टीबी?

सिन्नरची_सून:
पैशांचं मी विचारलंच नव्हतं. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. फुफ्फुसाचाच आहे, थुंकीत निघाला, साधा आहे म्हणाले. आजोबांच्या कुशीतच झोपायची हो ती. आता त्यांची भांडी वेगळी केलीत.

रानवारा:
भांडी एकत्र करा, टीबी भांड्यांतून होत नाही. खोकल्यातून, हवेतून होतो. खिडक्या उघड्या ठेवा आणि त्यांना खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगा.
जंतू अंगात शिरून गप्प पडून राहतात. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये ते लवकर डोकं वर काढतात, म्हणून आधीच गोळ्या देतात. रोज एक अशी सहा महिने, किंवा आठवड्यातून एकदा अशी बारा आठवडे. कुठली, ते डॉक्टर ठरवतील, डोस वजनावर असतो. पण आधी तिला टीबी नाही ना, हे तपासून घ्या. असेल तर ह्या गोळ्या पुरत नाहीत, पूर्ण उपचार लागतात. खोकला, ताप, वजन न वाढणं, यातलं काही आहे का?
माझ्या भावाच्या वेळी पोराला काहीच दिलं नाही. सात महिन्यांनी त्याच्या मानेला लिंबाएवढी टीबीची गाठ आली.

सिन्नरची_सून:
खोकला-ताप नाही. वजन अंगणवाडीत केलं होतं, बारा किलो. दिवाळीत पण बाराच होतं.

रानवारा:
दिवाळीला किती महिने झाले? उद्या ताईंना सगळ्यात आधी हेच सांगा, आणि अंगणवाडीचं कार्ड दाखवा.