बॉल पायथनचं पिल्लू घरी आल्यापासून खात नाही, काय करावं?

वेटोळे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बॉल पायथनचं, म्हणजे एका लहान जातीच्या अजगराचं, पिल्लू आणलंय. मादी आहे, वजन 142 ग्रॅम, पैदास केलेली, जंगलातून पकडलेली नाही. घरी आल्यापासून तिने एक घास घेतलेला नाही. आठवड्याला एकदा फ्रोझन उंदराचं पिल्लू पाण्यात ठेवून मऊ करतो आणि चिमट्याने तोंडासमोर धरतो. ती जीभ दोनतीनदा लपलपवते, जवळ येते, मग मान आखडती घेते आणि डोकं वेटोळ्यात खुपसून बसते. दुसऱ्या दिवशी उंदीर तसाच पडलेला.

काचेची टाकी आहे, 90 सेंमी लांब. खाली एका बाजूला हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), मधोमध लाकडाच्या ओंडक्याचं आडोशाचं घर, पाण्याचं भांडं. काचेला चिकटवलेला थर्मामीटर 29 अंश दाखवतो. पाणी पिते, रात्री हिंडते.

एकाने सांगितलं जिवंत उंदीर सोड. दुसऱ्याने सांगितलं आणखी आठवडाभर बघ, नाहीतर तोंड उघडून भरव. दोन्हीला हात धजावत नाही. जाणकारांनी सांगा.

---

रात्रपाळी

आधी एक गोष्ट: तोंड उघडून भरवायचं नाही. आठवडाभराने नाही, महिन्याभरानेही नाही. तो प्रकार सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरने किंवा त्यात हात बसलेल्या माणसाने, तेही वजन खरंच ढासळलं असेल तरच करायचा. अन्ननलिकेला इजा होते, घास श्वासनलिकेकडे जाऊ शकतो, आणि आधीच बिथरलेलं जनावर माणसाचा हात दिसला की आणखी आखडतं.

आता मूळ मुद्दा. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ भागातला साप. दिवस बिळात नाहीतर वारुळात काढतो, रात्री बाहेर पडतो. अंगाला चारी बाजूंनी काहीतरी टेकलेलं असलं की त्याला बरं वाटतं. तुमच्या टाकीत हे पिल्लू भर चौकात बसलंय. चारी बाजूंना काच आणि मधे दोन्हीकडून उघडा ओंडका. भूक असली तरी ते आधी जीव सांभाळणार.

तेव्हा असं करा. आडोसे दोन हवेत, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, दोन्ही सारखे. एकच तोंड असलेले आणि इतके लहान की वेटोळं घातल्यावर पाठ छताला आणि कडेला लागावी. माणसाला बघून वाटतं की बिचारीची कोंडी होतेय. तिला तेच हवं असतं. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून जाड कागद लावा. मोकळ्या जागेत खोटी पानं, सालीचे तुकडे, काहीही भरा, म्हणजे एका आडोशातून दुसऱ्यात जाताना उघड्यावर यावं लागणार नाही.

मग हात लावणं बंद. वजन करायला आठवड्यातून एकदा उचला, बाकी फक्त पाणी बदला आणि घाण काढा. पाहुण्यांना दाखवणं, फोटो, गळ्यात घालणं, सगळं पुढे ढकला. नवीन घरात आलेल्या सापाला पहिले पाचसात दिवस तर खायलाही विचारू नये. तुम्ही लगेच सुरुवात केली असेल तर आता आठवडाभर थांबा आणि नव्याने सुरू करा.

तो काचेचा थर्मामीटर काढून टाका. तो काचेजवळच्या हवेचं तापमान सांगतो, साप जमिनीवर असतो. गरम आडोशाच्या आत जमिनीवर 31 ते 33 अंश हवेत, थंड बाजूला 25 ते 27, रात्री 24 च्या खाली जाऊ देऊ नका. आर्द्रता साधारण 60 टक्के, कातीच्या वेळी थोडी जास्त. डिजिटल मापक घ्या, ज्याची तार आडोशात सोडता येते. आणि मॅटला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आवाक्यात ठेवणारं यंत्र, आहे का? हे लिहिलं नाहीत.

---

उंदीरमामा

रात्रपाळींना अनुमोदन. मी फक्त उंदराबद्दल बोलतो, तो माझा प्रांत.

बॉल पायथनच्या ओठांवर बारीक खळगे असतात, त्यातून त्याला उष्णता जाणवते. अंधारात त्याला उंदीर दिसतो तो असा: आजूबाजूपेक्षा गरम असलेला एक ठिपका. तुम्ही साध्या पाण्यात मऊ केलेला उंदीर धरता तेव्हा वास उंदराचा येतो पण ऊब नाही. म्हणून जीभ लपलपवते आणि मागे फिरते. तिच्या जागी मीही फिरलो असतो.

फ्रोझन उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा. द्यायच्या वेळी पिशवीत बंद करून गरम पाण्यात बुडवा, उकळत्या नाही. अंग 38 ते 40 अंशांवर यायला हवं, आणि डोकं सगळ्यात गरम. डोकं शेवटी मिनिटभर हेअर ड्रायरखाली धरलं तर फार फरक पडतो. पोट दाबून बघा, आत गारगोटी लागली तर अजून गोठलेला आहे. मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही. कुठे शिजतो, कुठे गोठलेला राहतो आणि मधेच फुटतो. तो वास घरच्यांच्या नाकातून जाता जात नाही.

लांब चिमटा, निदान 30 सेंमीचा. मानगुटीला धरा. तोंडासमोर नाचवू नका, तो हल्ला वाटतो. आडोशाच्या दाराशी, जमिनीलगत, बाजूने हळूच सरकवा आणि थांबा. दिवे बंद, खोलीत शांतता. मान इंग्रजी एसच्या आकारात ताठ झाली आणि नजर खिळली की हलू नका, झडप येणार आहे. मान सैल पडून मागे गेली तर आग्रह नको. उंदीर दाराशी ठेवून खोलीबाहेर निघून जा. पुष्कळ लाजाळू पिल्लं माणूस गेल्यावर खातात. सकाळी उचलून फेकून द्या, पुन्हा गोठवायचा नाही.

एकदा नाकारलं की पुढचा प्रयत्न आठवड्याने किंवा दहा दिवसांनी. रोज विचारणारे लोक स्वतःच उपास लांबवतात.

जिवंत उंदीर सोडायचा सल्ला देणाऱ्याला विचारा की न खाणाऱ्या सापासोबत रात्रभर उंदीर ठेवल्यावर काय होतं. उंदीर सापाला कुरतडतो. पाठ हाडापर्यंत खाल्लेले साप डॉक्टरांकडे येतात. बॉल पायथन घाबरला की वेटोळं करून डोकं लपवतो, प्रतिकार करत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. जिथून आणली तिथे फोन करा. ती काय खात होती? मोठ्या जातीच्या उंदराचं (रॅट) पिल्लू की छोटा उंदीर (माऊस), जिवंत की फ्रोझन, केवढा, शेवटचं कधी? ठेवली कशात होती? या सापांना पहिल्यापासून जे मिळालं तेच अन्न वाटतं. छोट्या उंदरावर वाढलेल्या पिल्लाला मोठ्या जातीच्या उंदराचं पिल्लू ओळखूच येत नाही.

---

शांत_पाणी

वाचतोय. अवांतर: घाबरू नका, ही जात उपासात पटाईत आहे. मोठे नर थंडीच्या दिवसांत कित्येक महिने खात नाहीत आणि तरी ठणठणीत असतात. आयुष्यही लांब. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात साठी ओलांडलेल्या एका बॉल पायथन मादीने 2020 मध्ये अंडी घातली, तीही अनेक वर्षं नराशेजारी न राहता.

---

कातकरीण

शांत_पाणी, ते मोठ्या सापांचं झालं. 142 ग्रॅमच्या पिल्लाकडे महिनोन्महिने पुरेल एवढी चरबी नसते, त्यामुळे उपास पुराणात तिला बसवू नका.

धागाकर्त्यांना: ग्रॅममध्ये दाखवणारा छोटा काटा घ्या, दर आठवड्याला त्याच वारी वजन करा, कागदावर लिहा. एखाद्या टक्क्याचा चढउतार पाण्याने आणि शीने होतो. सुरुवातीच्या वजनात 10 टक्के घट झाली, म्हणजे तुमच्या पिल्लाचं 128 च्या आसपास आलं, की डॉक्टर. वाट बघायची नाही.

आणि वजन ठीक असलं तरी पुढचं काही दिसलं तर त्याच दिवशी जायचं: तोंडातून किंवा नाकातून बुडबुडे, तोंड उघडं ठेवून किंवा घरघरत श्वास, डोकं वर करून बसणं, हिरड्यांवर पिवळा दह्यासारखा थर, खाल्लेलं ओकणं, मान वाकडी करून वर बघत राहणं. अंगावर, हनुवटीखाली, डोळ्यांच्या कडेला काळे ठिपके हलताना दिसले किंवा पाण्याच्या भांड्यात बुडालेले सापडले तर ते माइट्स, म्हणजे सापाचं रक्त शोषणारे बारीक किडे. तासनतास पाण्यात बसणारा साप बहुतेक माइट्समुळे नाहीतर उष्णतेमुळे बसलेला असतो. जाताना ताजी शी डबीत घालून न्या, जंतांची तपासणी होते. डॉक्टर सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम करणारा शोधा. कुत्र्यामांजरांचा उत्तम डॉक्टर इथे कामाचा असेलच असं नाही.

अजून एक. डोळे दुधाळ निळसर झालेत का, पोट गुलाबी दिसतंय का? कात यायची असेल तर बरीच पिल्लं खात नाहीत. तेव्हा विचारूच नका.

---

वेटोळे (धागाकर्ता)

खूप आभार. एकेक सांगतो.

तारेचं मापक आणलं. मॅटच्या वर, भुशाखाली 41 अंश! ओंडक्याच्या आत मात्र 27. मॅटसोबत थर्मोस्टॅट दिलाच नव्हता. आता आणतोय.

विक्रेत्याला विचारलं. छोटे उंदीर, जिवंत, आणि पिल्लं चपट्या प्लास्टिकच्या टबमध्ये होती. मी देत होतो ते मोठ्या जातीच्या उंदराचं फ्रोझन पिल्लू.

डोळे स्वच्छ आहेत. आजचं वजन 137.

मग टाकी विकून टबच घेऊ का?

---

रात्रपाळी

41 म्हणजे पोट भाजण्याचं काम. थर्मोस्टॅट येईपर्यंत मॅट बंद ठेवा आणि खोली उबदार ठेवा. आला की त्याचं तापमान मोजणारं टोक मॅट आणि टाकीच्या तळाच्या मधे चिकटवा, हवेत लोंबकळत ठेवू नका. मग आडोशातल्या जमिनीवर 32 येईपर्यंत आकडा थोडाथोडा बदलत जा. गरम बाजूचा भुसा पातळ ठेवा. जाड थराखाली उष्णता साचते आणि बिळासारखं खणून खाली गेलेला साप भाजतो.

टाकी विकू नका. आडोसे आणि पडदे झाले की चालेल.

---

उंदीरमामा

इथे माझं रात्रपाळींशी पटत नाही. कायमची टाकी ठीक, पण हे पिल्लू टबमध्ये खात होतं. तात्पुरता छोटा टब, हवेला भोकं, खाली कागद, एक आडोसा, एक पाण्याचं भांडं. तिथे चारपाच वेळा नीट खाल्लं की टाकीत हलवा. हट्टी पिल्लांसाठी याहून साधा उपाय मला माहीत नाही.

फक्त खायला घालण्यापुरतं उचलून दुसऱ्या डब्यात टाकायचं आणि परत आणायचं, हे करू नका. टाकीत खायला दिलं तर साप हाताला चावायला शिकतो ही ऐकीव गोष्ट आहे. उलट भरल्या पोटी उचललं की ओकतो.

भक्ष्य म्हणून आता छोटा उंदीरच द्या, फ्रोझन, मी सांगितलं तसा गरम करून. 15 ते 20 ग्रॅमचा, म्हणजे तिच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा. मोठ्या उंदरावर नंतर आणू, त्याला छोट्या उंदराच्या पिंजऱ्यातलं गवत चोळून, म्हणजे तो वास लागेल.

---

कातकरीण

टबबद्दल उंदीरमामांशी सहमत, निदान या पिल्लापुरती. पण टबालाही थर्मोस्टॅट लागतोच हं. आणि उंदीर, साप, भांडं, काहीही हाताळलं की साबणाने हात धुवा. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू सापांच्या बाबतीत खरा धोका आहे, घरात लहान मूल असेल तर जास्तच.

---

वेटोळे (धागाकर्ता)

उशिरा लिहितोय. टबमध्ये हलवलं, आडोशात 32, आर्द्रता 60 च्या वर. पहिल्या आठवड्यात काही विचारलं नाही. नंतर दिला तर तोंड फिरवलं. दोन दिवसांनी डोळे दुधाळ. कात टाकली, एकसंध निघाली, शेपटीच्या टोकासकट. त्यानंतर काल रात्री छोटा उंदीर डोकं गरम करून दाराशी धरला. मान ताठ झाली आणि मला कळायच्या आत चिमटा हातातून गेला. तिने तीन वेटोळी मारून आवळला आणि गिळला. सकाळी वजन 151.

आता लगेच दुसरा देऊ का? भूक लागलेली दिसते. आणि हातात कधी घेता येईल?

---

उंदीरमामा

वा!

दुसरा लगेच नको. रिकाम्या पोटाला एकच पुरे. आठवड्याने तेवढाच, मोठा नाही. निदान 48 तास हात लावू नका, टब हलवूही नका. ओकला तर दोन आठवडे फक्त पाणी, मग अर्ध्या आकाराचा उंदीर, आणि पुन्हा ओकला तर डॉक्टर.

हातात घेणं चारपाच जेवणं सलग झाल्यावर. सुरुवात पाच मिनिटांची, जेवणाच्या आदल्या दिवशी नाही. आणि हातांना उंदराचा वास नाही ना, बघून घ्या. काल चिमटा नेला, उद्या बोट नेईल.