शेजारी कोरियन, पाळणाघरात फिलिपिनो आजी: वागायचं कसं?

घोडबंदरकर: लेकीचं घर न्यू जर्सीत, बर्गन काउंटीत. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं ठाण्याहून सहा महिन्यांसाठी जातोय. शेजारच्या कोरियन बाळाचा पहिला वाढदिवस आहे, आमंत्रण आलंय. नातू ज्यांच्याकडे राहतो त्या आजी फिलिपिनो, त्यांच्याकडेही जाणं-येणं होईल. काय न्यावं, काय टाळावं? आम्ही शाकाहारी.

नेरुळची_मीनाक्षी: कोरियन पहिला वाढदिवस म्हणजे 'दोल', घरातला मोठा सोहळा. बाळाला हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, घालून टेबलापुढे बसवतात. त्यावर दोऱ्याची लड, पैसे, तांदूळ, पुस्तक, पेन्सिल, हल्ली स्टेथोस्कोपही. बाळ जे उचलेल त्यावरून भविष्य, म्हणजे दोरा उचलला तर दीर्घायुष्य. आपल्याकडेही काही घरांत उष्टावणाला पुस्तक, पेन मांडतात, त्यामुळे तुम्हाला परकं वाटणार नाही. बाळ गोंधळलं तर हाताशी वस्तू सरकवू नका. तो मान घरच्यांचा.

आहेर म्हणून सोन्याची छोटी अंगठी देण्याची रीत आहे: २४ कॅरट, वजन एक 'दोन' (हे कोरियन माप), म्हणजे ३.७५ ग्रॅम. पण ती जवळच्या नातलगांनी द्यावी. शेजाऱ्यांनी पांढऱ्या पाकिटात पैसे दिले की झालं. पाकीट दोन्ही हातांनी द्या आणि नाव लाल शाईने लिहू नका, जिवंत माणसाचं नाव लाल शाईत अशुभ मानतात. बाळाच्या आईला नावाने हाक मारण्यापेक्षा 'अमक्याची आई' म्हणा, तिथेही असंच म्हणतात.

वाशी_सेक्टर१७: जेवणाचं नीट ऐका, गडबड तिथेच होते. 'शाकाहारी' म्हटलं की मांसाचे तुकडे काढतात, रस्सा तोच राहतो. वाढदिवसाचं समुद्री शेवाळाचं सूप बहुतेक गोमांसाच्या किंवा सुक्या माशांच्या पाण्यात शिजतं. किमचीत बहुधा मीठ लावलेली कोळंबी किंवा माशांचा सॉस असतो. फिलिपिनो घरी भाजीच्या पिनाकबेतमध्येही कोळंबीची पेस्ट, बागूंग, पडते. म्हणून लेकीकडून आधीच निरोप द्या: 'मांस, मासे, कोळंबी नको, पाण्यातसुद्धा नको.' ऐन पंगतीत चौकशी केली की यजमान ओशाळतात.

कोपरी_पूल: दोन्हीकडे मोठ्यांचा मानच ना? फरक काय एवढा?

नेरुळची_मीनाक्षी: फरक आहे, आणि तो कळला नाही तर घोळ होतो. कोरियन घरात मान बोलण्याच्या पायरीत असतो. मोठ्यांशी बोलताना क्रियापदच बदलतं, मोठ्याने चमचा उचलल्याशिवाय लहानांनी उचलायचा नाही. याला ते 'गाजंग ग्योयुक', घरचं वळण म्हणतात. पोर चुकलं तर बोट आईबापांकडे जातं. म्हणून मुलाचं तोंडभर कौतुक केलंत तर आई 'कुठे, अजून खूप शिकायचंय' म्हणेल. त्यावर वाद घालू नका.

फिलिपिनो घरात मान नात्यांच्या जाळ्यात. मूल आजीचा हात घेऊन कपाळाला लावतं, 'मानो पो' म्हणतं. तुमचाही हात घेईल. तळवा खाली करून हात पुढे करा, मागे ओढू नका. आजी 'लोला', आजोबा 'लोलो'. आईबापांच्या वयाचे सगळे 'तीता' आणि 'तीतो'. थोरली बहीण 'आते', थोरला भाऊ 'कूया', धाकट्यांचं पाहणं त्यांच्याकडे. ज्याने अडचणीत हात दिला त्याचं ऋण आयुष्यभर मानतात. म्हणून आजींनी केलेल्या कामाचे पैसे सगळ्यांसमोर मोजू नका, लेकीला एकांतात देऊ दे.

निघताना डबा भरून देतील, 'नको नको' करून परत करू नका. मांसाहार असला तर तोंडावर न सांगता जावयाकडे द्या.

घोडबंदरकर: जावई कोल्हापूरचे, डब्याची सोय झाली! बाकी लेकीला आजच कळवते.